सपाटीवरची पर्जन्यछाया

१

मला नक्की आठवतं, असं मी हल्ली कशाबद्दलही म्हणत नाही. चष्मा कपाळावर असतो आणि मी तो घरभर शोधत फिरतो. मग सून न हसता चष्मा खाली ओढून डोळ्यांवर बसवते. तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यातलं काही मागाहून माझ्या मनात शिरलेलं असू शकेल. ताईचे शब्द तिचेच होते, की इतक्या वर्षांत मी ते घासून घासून गुळगुळीत केले, हे मला सांगता येणार नाही.

पावसाबद्दल मात्र थोडं खात्रीने बोलता येईल. पाऊस माझा विषय होता.

आमच्या भागाची रचना सोपी आहे. एका बाजूला समुद्र, मग सपाटी, मग डोंगरांची सलग भिंत. समुद्रावरून येणारा वारा पाण्याने जड झालेला असतो. भिंतीला अडला की त्याला वर चढावं लागतं. चढला की तो गार होतो, आणि गार झाला की डोक्यावरचं ओझं खाली टाकतो. म्हणून भिंतीच्या अलीकडे मुसळधार पाऊस, आणि भिंत ओलांडली की कोरडी जमीन. त्या कोरड्या पट्ट्याला पर्जन्यछाया म्हणतात. आधी डोंगर, मग छाया. हवामान खात्यात नव्याने आलेल्या पोरांना इतकी वर्षं हे शिकवलं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी फळ्यावर आकृती काढली असती.

त्या वर्षी किनाऱ्यापासून जवळच समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. अशी क्षेत्रं येतात आणि पुढे सरकतात. हे सरकेना. जावई रुसून ओसरीवर बसावा तसं ते एका जागी बसून राहिलं, आणि समुद्राचा वारा न थांबता आमच्या अंगावर येत राहिला.

आमचं हवामान कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. छत गळत होतं आणि माझ्या टेबलाशेजारच्या बादलीत थेंब पडत होते. शेजारच्या अंधाऱ्या खोलीत रडारचा गोल पडदा होता. त्यावर एक उजळ रेघ घड्याळाच्या काट्यासारखी फिरायची आणि जिथे पाऊस असेल तिथे हिरवट उजेड मागे ठेवून जायची. ती खोली सांभाळायचा पैलवान. अंगाने काडी, म्हणून पैलवान.

ताई माझ्याहून पुष्कळ मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. लग्न केलं नाही. सपाटीवरच्या एका गावात ती शाळेची मुख्याध्यापिका होती आणि शाळेच्या मागेच दोन खोल्यांत राहायची. रेडिओवर माझा अंदाज वाचला गेला की तिचा फोन यायचा, तो कुठे चुकला हे सांगायला.

२

"डॉक्टर," ताई म्हणाली, "आज काय सांगितलंत?"

मला डॉक्टरेट मिळाल्यापासून ती मला असंच छळायची. इंजेक्शन देता न येणारा डॉक्टर तिला मान्य नव्हता.

"अतिवृष्टी. का?"

"काल धुतलेले कपडे आज वाळले, म्हणून विचारलं."

"घरात?"

"घरात वाळलेल्याचं कोण सांगत बसतं? अंगणात, तारेवर. टॉवेल तर पापडासारखा कडक झालाय."

"ताई, चेष्टा नको. इथे लोकांचे संसार पाण्यात आहेत."

"मी कुठे चेष्टा करते? ती तू रोज सकाळी करतोस, सरकारी खर्चाने."

मी हसलो. मग लक्षात आलं की तिच्या बोलण्यामागे काहीच ऐकू येत नाही. एरवी त्या शाळेच्या पत्र्यांवर पाऊस असा वाजायचा की आम्ही दोघं ओरडून बोलायचो. आता ती हलक्या आवाजात बोलत होती आणि मला शब्दन् शब्द कळत होता.

मी पैलवानाच्या खोलीत गेलो. सगळा पडदा हिरवा होता. सपाटीवर एकच काळा डाग होता.

"काचेवर काहीतरी बसलंय," पैलवान म्हणाला, आणि त्याने शर्टाच्या बाहीने काच पुसली. रेघ फिरली. डाग तिथेच.

"यंत्रात बिघाड?"

"ओल शिरली असेल साहेब. या दिवसांत माझ्या सांध्यांत शिरते, हे तर यंत्र आहे."

मी खुर्ची ओढून बसलो. डाग गोल नव्हता. समुद्राच्या बाजूला त्याचं डोकं होतं आणि डोक्याच्या कडेने पावसाची अगदी प्रखर, पातळ कड होती. डोक्यामागे डोंगरांच्या दिशेने लांबत गेलेली काळी शेपटी. तो आकार मी ओळखला. ओळखायला वेळ लागला कारण मी तो नेहमी मोठा पाहिला होता. वारा डोंगरावर आदळतो, समोरच्या अंगावर पाऊस ओततो, मागे कोरडं सोडतो. दर वर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर काढायचो तीच ही आकृती होती.

३

नकाशा काढला. ती सपाटी इतकी सपाट आहे की नकाशावर तिथे उंचीची एकही रेघ नाही. शाळेपासून बंदराकडे जाणारा रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ गेला होता. डागाचं डोकं बरोबर त्या रस्त्यावर होतं. शेपटीत शाळा.

मी स्वतःला समजावलं. वातावरणात खाली उतरणाऱ्या हवेचे पट्टे असतात, ते ढग विरवतात. असा एखादा पट्टा एका जागी टिकणं दुर्मीळ आहे, अशक्य नाही. हे वाक्य मला आवडलं. मी ते मनात दोनतीनदा म्हटलं. दुसऱ्या दिवशी डाग तिथेच होता आणि ते वाक्य जरा कमी आवडलं.

त्या दुपारी नदीने काठ सोडला. पूरग्रस्तांना हलवायचं होतं आणि कुठे हलवायचं हे आमच्या कार्यालयाला विचारण्यात आलं. आमचे साहेब, म्हणजे कार्यालयप्रमुख, रडारच्या खोलीत येऊन उभे राहिले. निवृत्तीला आलेला, सुखवस्तू माणूस. त्यांनी पेन्सिलीने डागावर टिचकी मारली.

"हे काय?"

"तिथे पाऊस नाही," मी म्हणालो.

"कोरडं आहे?"

"हो. पण..."

"पण म्हणजे?"

पण तिथे डोंगर नाही, असं म्हणायचं होतं. जिथे डोंगर नाही तिथे डोंगर नाही, ही काय अधिकाऱ्याला सांगायची गोष्ट आहे?

"तुमचं हे असं असतं," साहेब म्हणाले. "शिक्षण जास्त झालं की माणूस 'पण'वर येऊन थांबतो. तिथे एखादी इमारत आहे का?"

"शाळा आहे. माझी बहीण तिथे मुख्याध्यापिका आहे."

"मग घरचंच काम झालं की."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्यालयाच्या जीपने शाळेत गेलो. जीपवाला बोलका होता, पण पावसात त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. काच पुसणारे दांडे पाण्याला पुरे पडत नव्हते. डोंगरांच्या पायथ्याने वळसा घालून आम्ही गावाकडे निघालो, आणि एका ठिकाणी आवाज थांबला. नळ बंद व्हावा तसा. पुढचा रस्ता पांढरा होता आणि चाकांमागे धूळ उडत होती. जीपवाल्याने जीप थांबवली, मागे वळून पाहिलं. पाऊस काचेच्या पडद्यासारखा रस्त्यावर आडवा उभा होता.

"हे बरं आहे," तो म्हणाला, आणि नंतर शाळा येईपर्यंत काही बोलला नाही.

शाळेत जत्रेसारखी गर्दी होती. वर्गावर्गात माणसं, बाकांवर गाठोडी, व्हरांड्यात म्हाताऱ्यांच्या पथाऱ्या. सगळे खुशीत होते. ताई कमरेला पदर खोचून सगळ्यांना हुकूम सोडत होती. गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, पांढरे केस विस्कटलेले.

"आलात? तुमच्या अतिवृष्टीतून वेळ काढून?"

"ताई, जरा बाजूला ये."

"बाजूला जागाच कुठे आहे? बोल इथेच."

मी चौथीच्या वर्गात उभा होतो. चारी बाजूंनी पावसाचा आवाज येत होता, दूर मैदानात लोक जमल्यासारखा. डोक्यावर मात्र शांतता होती. पत्र्यावरून एक पाल चालत गेली, तिच्या पावलांचा आवाज मी ऐकला. वारा नव्हता. बाहेर चुलीचा धूर दोरीसारखा सरळ वर जात होता.

"इथली हवा जड आहे का गं? काही वाटतं?"

"कान दडपल्यासारखे होतात अधूनमधून. जांभई दिली की सुटतात. का रे?"

मी अंगणात आलो. गावातली कुत्री कुंपणाशी ओळीने बसली होती. भुंकत नव्हती. समुद्राकडे तोंड करून, मान उंच करून बसली होती. कुत्री रस्त्याकडे बघतात, माणसांकडे बघतात. इतकं वर बघणारी कुत्री मी पाहिली नव्हती.

"स्वयंपाकाचा वास येतोय त्यांना," ताई मागून म्हणाली.

"स्वयंपाक मागच्या बाजूला चाललाय."

कुत्री बघत होती तिकडे मीही पाहिलं. समुद्राकडून राखाडी ढग येत होते, खालून सपाट, छपरासारखे. दूर, रस्त्याच्या वर कुठेतरी त्यांची खालची कड वाकत होती. ढग तिथे वर चढत होते. सावकाश, पुष्कळ उंच, आणि मग आमच्या बाजूला उतरून विरत होते. कुशीवर झोपलेल्या माणसाच्या खांद्यावरून चादर जशी वर जाऊन खाली येते, तसं. चादरीखाली काही नव्हतं. त्या जागी मला पलीकडचं आभाळ स्वच्छ दिसत होतं.

"ताई, तू माझ्याबरोबर चल. आत्ता."

"आणि ही माणसं?"

"त्यांचीही सोय करतो. आधी तू चल."

"छोट्या," ती म्हणाली. हे नाव ती फक्त मी आजारी असताना वापरायची. "नीट सांग. काय होणार आहे?"

"आज ना उद्या हे कमी दाबाचं क्षेत्र हलेल. किनारा ओलांडून आत येईल. मग वारा उलटा फिरेल, डोंगरांकडून समुद्राकडे. मग आज पलीकडच्या अंगावर जो पाऊस पडतोय तो सगळा या अंगावर पडेल. शाळेवर. इथे एकही भिंत उभी राहणार नाही."

"पलीकडच्या अंगावर म्हणजे कशाच्या?"

मी पुन्हा ढगांकडे पाहिलं.

"भूगोल तुला पहिल्यांदा मी शिकवला. पर्जन्यछाया डोंगराची पडते. तिकडे डोंगर आहे?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. तू चल."

लहानपणी ताप बघायची तसा तिने माझ्या कपाळाला हात लावला. "झोप होत नाही ना तुझी? असं कर, सगळ्यांसाठी गाड्या पाठव. सगळ्यांसाठी आल्या तर मीही येते. एकटीसाठी आणलीस तर तुझी जीप ढकलत परत पाठवीन."

५

मी साहेबांना खरं सांगितलं नाही. खरं काय ते मला तरी कुठे माहीत होतं? मी म्हणालो की सपाटीवर एक स्थानिक गतिकीय अडथळा सक्रिय असून वाऱ्याची दिशा पालटताच पर्जन्याचं केंद्रीकरण अनुवात बाजूकडून प्रतिवात बाजूकडे स्थलांतरित होईल, म्हणजेच शाळेकडे. या वाक्याला अर्थ नव्हता असं नाही, पण ते मी अर्थासाठी रचलं नव्हतं. साहेबांनी मान डोलावली.

"आता कसं शास्त्रीय बोललात. मग सुरक्षित जागा कोणती?"

मी नकाशावर बोट ठेवलं. हिशेब सरळ होता. वारा उलटा झाला की शेपटी उलट्या बाजूला पडेल. आज जिथे सगळ्यात जास्त पाऊस आहे, डागाच्या पलीकडे, तिथे उद्या सगळ्यात कोरडं असेल. तिथे बंदराची पक्की गोदामं होती. मी गोदामं सुचवली.

इतकी वर्षं मी पावसाचा अभ्यास केला तो असाच. वारा कुठून येतो, पाणी कुठे पडतं, कोरडं कुठे राहतं. डोंगर स्वतः माझ्या आकृतीत फक्त एक त्रिकोण असायचा. त्रिकोणाच्या अलीकडचं बघायचं, पलीकडचं बघायचं. त्रिकोणातून कुणाला जावं लागत नाही, म्हणून त्रिकोणाच्या आत काय असतं हा प्रश्नच आमच्या शास्त्रात नव्हता.

शाळेतून गोदामांकडे जाणारा रस्ता एकच होता.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. ट्रक शाळेतून निघाले होते. पुढे पोलिसांची वायरलेस असलेली गाडी, आणि त्या गाडीत ताई. आमच्याकडे निरोप आला की मंडळी वाटेत आहेत, उत्साहात आहेत, गाणी म्हणत आहेत. मी धावत पैलवानाच्या खोलीत गेलो. डाग होता तिथेच. रेघ एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली. मी स्वतःला म्हणालो, तिथे सपाट रस्ता आहे. वर्षानुवर्षं तिथून बैलगाड्या जातात.

६

आमच्या कार्यालयात वायरलेसची खोली जिन्याजवळ होती. वायरलेसवाला दारात येऊन म्हणाला, "साहेब, तुमच्या भगिनी बोलवतायत. पोलिसाच्या हातातून यंत्र घेतलंय त्यांनी."

दुपार होती. खिडक्यांवर पाऊस आपटत होता. मी कानाला यंत्र लावलं.

"छोट्या, ऐकू येतंय? हा म्हणतो शेवटी ओव्हर म्हणा. माझं संपलेलं नाही, तरी म्हणते. ओव्हर."

"कुठे आहात? ओव्हर."

"रस्त्यात. ट्रक पहिल्या गिअरवर आहेत. चढ फार आहे."

तिच्या मागे पाऊस नव्हता. इंजिनं कण्हत होती आणि कुणीतरी मुलांना दरडावत होतं, मागे सरका, मागच्या फळीला टेका.

"ताई, त्या रस्त्यावर चढ नाही."

"मला सांगतोस? सायकल मी तिथे शिकले. चढ नाही म्हणूनच शिकले. तरी आहे. कान इतके दडपलेत की माझाच आवाज मला लांबून येतोय. ओव्हर."

"मागे फिरा. सगळे ट्रक मागे वळवा. ओव्हर."

"मागे पाणी आलंय. इथून दिसतं. शाळेच्या अंगणात नदी शिरलीय." आणि मग, अगदी नेहमीच्या आवाजात, "शाळेचं छप्पर मी कधी वरून बघितलं नव्हतं रे. कोपऱ्यातले दोन पत्रे सडलेत. कुणीतरी मला सांगायला हवं होतं."

वायरलेसवाला माझ्या तोंडाकडे बघत होता.

"ट्रक तापले," ताई सांगत होती. "घसरायला लागले म्हणून चाकांखाली दगड लावलेत. लोक खाली उतरलेत. वर कोरडं आहे. आम्ही चालत वर जातो."

"वर नको. ताई, वर जाऊ नकोस."

"पूर आला की कुठे जायचं असतं? वरच ना? पोरांना मी काय शिकवत आले?"

"तिथे डोंगर नाहीये गं."

यंत्रात नुसती खरखर आली. मला वाटलं संपर्क तुटला. मग तिचा आवाज आला. ती यंत्र तोंडाजवळ धरून, इतर कुणाला ऐकू जाऊ नये असं बोलत होती.

"ते मला कळत नाही का? पण खाली पाणी चढतंय आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. तू शिकलेला आहेस. तूच सांग. खाली जाऊ की वर? ओव्हर."

खाली नदी होती. नदीबद्दल मला शंका नव्हती. लहान मुलं, म्हाताऱ्या, छातीइतकं पाणी, आणि पाणी वाढत जाणार. वर काय होतं ते मला माहीत नव्हतं. वर काही नव्हतं. मी बटण दाबलं.

मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. हे मी टाळाटाळ म्हणून सांगत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. माझा अंगठा आठवतो, बटणाची गरम प्लास्टिकची टोपी आठवते, जिन्यात पडलेला ओल्या छत्र्यांचा ढीग आठवतो. वायरलेसवाला नंतर म्हणाला, "साहेब, तुम्ही 'वर' म्हणालात." तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. पण खोलीत पावसाचा आवाज फार होता.

"बरं," ताई म्हणाली. "ओव्हर."

७

त्यानंतर तिकडून कुणी बोललं नाही. पोलीसही नाही. संध्याकाळ झाली, आणि मी रडारच्या खोलीतून हललो नाही. पैलवानाने चहा आणला, तो निवला, त्याने दुसरा आणला. रेघ फिरत होती. डाग होता. डाग आहे तोवर ते आहेत, असं मी धरून चाललो होतो, आणि तो जाऊ नये म्हणून काचेकडे बघत होतो. बघत राहण्याने काय होतं? पण दूध उतू जाऊ नये म्हणून माणूस बघत राहतो तसा मी बघत होतो.

उजेड असतानाच गच्चीवरचं वातकुक्कुट फिरलं. त्याचा गंजलेला कणा खालपर्यंत करकरला. कमी दाबाचं क्षेत्र किनारा ओलांडत होतं. वारा पडला, आणि मग डोंगरांकडून पहिली झुळूक आली.

आता शेपटी वळेल, मी म्हणालो. वळली तर तिथे अजून काहीतरी उभं आहे. वळू दे.

शेपटी वळली नाही. रेघ डागावर आली आणि पुढे गेली, आणि तिच्या मागे डागाच्या जागी हिरवा उजेड होता. सगळीकडे होता तसाच. एका फेरीत. मी पुढच्या फेरीची वाट पाहिली. हिरवा.

"झालं," पैलवान म्हणाला. "गेला बिघाड. म्हणत होतो ना, ओल असेल."

तेवढ्यात दारं आपटली. वाऱ्याने आपटतात तशी नाही. सपाटीकडच्या बाजूची सगळी दारं, सगळ्या खिडक्या एकदम बाहेर ओढल्या गेल्या, टेबलावरचे कागद त्या दिशेने उडाले, पैलवानाचा शर्ट पाठीकडून फुगला. एखादी प्रचंड खोली एका क्षणात रिकामी व्हावी आणि जिथून मिळेल तिथून हवा तिच्यात धावावी, तसं.

मी खिडकीशी गेलो. सपाटीवर, कित्येक मैलांवर, ढग खाली येत होते. इतके दिवस वाकलेली त्यांची कड सरळ होत होती. खालचा माणूस निघून गेल्यावर चादर पलंगावर सपाट बसते. ती बसण्याआधी, अगदी अखेरीला, ढगांत खाली जाणारे बारीक ठिपके दिसले. पुष्कळ. पक्ष्यांचा थवा असेल. मी तेव्हा चष्मा पुसत होतो.

८

नदीने ती सपाटी दोन दिवस झाकली. पाणी ओसरल्यावर ट्रक सापडले. रस्त्यावरच होते, एकामागे एक, ओळ न मोडता. हँडब्रेक ओढलेले. आणि त्या सपाट रस्त्यावर प्रत्येक मागच्या चाकाखाली दगड लावलेला, चढावर लावतात तसा घट्ट. इन्स्पेक्टर मला म्हणाला की पुराच्या पाण्याने काय काय होतं ते सांगता येत नाही. माणसं आजूबाजूच्या शेतांत, चिखलात मिळाली. बुडून मृत्यू, असं सगळ्यांच्या बाबतीत लिहिलं गेलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. तुमचा अंदाज बरोबर होता, ते म्हणाले, वारा फिरला आणि शाळेवर खरोखरच फार पाऊस झाला. शाळेची एकही भिंत उरली नव्हती. माझं प्रमोशनही त्याच वर्षी झालं.

ताईला मी ओळखलं ते चष्म्याच्या दोरीवरून. मला फार वेळ बघू दिलं नाही.

पुष्कळ वर्षांनी, मोतीबिंदूच्या तपासणीला गेलो असताना, बाकावर शेजारी एक वयस्क बाई बसल्या होत्या. बोलता बोलता कळलं की त्या डॉक्टर होत्या, आणि त्या पुरातली माणसं त्यांनीच तपासली होती. मी माझं नातं सांगितलं. त्यांनी डोळ्यावरची पट्टी चाचपली.

"तुम्ही म्हातारे आहात, मीही म्हातारी आहे," त्या म्हणाल्या. "त्यांच्या फुप्फुसांत पाणी नव्हतं. पाणी यायच्या आधीच गेले होते सगळे. एकेकाचं हाड न् हाड मोडलं होतं. अशी माणसं मी त्याआधी एकदाच पाहिली होती, कड्यावरून बस कोसळली तेव्हा."

"तिथे कडा नाही."

"नाही. म्हणून तर सगळ्यांनी बुडून लिहायला सांगितलं. लिहिलं मी." त्यांनी आवाज खाली आणला. "ते मी विसरले असते. बोटं विसरता येत नाहीत. मी शिकले ती बर्फाच्या मुलखात, म्हणून मला कळलं. इथल्या कुणाला कळलं नसतं. हातापायांची बोटं काळी पडली होती, थंडीने. मोठ्या माणसांची. लहान मुलांची तेवढी नव्हती. मोठ्यांनी त्यांचे हात आपल्या कपड्यांच्या आत घेतले असणार."

त्यांना आत बोलावलं, त्या गेल्या.

मी तपासणी न करताच निघालो आणि माझ्या जुन्या कार्यालयात गेलो. ओळखीचं कुणी उरलं नव्हतं, पण म्हाताऱ्या माणसाला जुनी दप्तरं बघू देतात. किनाऱ्यावरून दर संध्याकाळी एक फुगा आकाशात सोडला जातो. वर जाता जाता तो प्रत्येक उंचीवरचं तापमान कळवतो. त्या संध्याकाळी, वारा फिरण्याच्या थोडं आधी, फुगा सोडला गेला होता. आमच्या डोंगरांतलं सगळ्यात उंच शिखर दीड हजार मीटरचंही नाही, आणि तिथे त्या संध्याकाळी साध्या सदऱ्यावर बसता येईल अशी हवा होती. पाणी गोठेल इतकी थंडी साडेपाच हजार मीटरच्या वर सुरू होत होती.